भिंतीपलीकडचे काका

ब्रुनोकाकांची आणि माझी ओळख भिंतीवरच्या गुद्द्यांनी झाली. गुद्दे त्यांनी त्यांच्या बाजूने मारले आणि मी माझ्या बाजूला घाबरून, प्रज्ञाला छातीशी धरून, बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसले.

अमेरिकेत फ्रीमाँटला आमचं टाउनहाऊस होतं, भाड्याचं, एका भिंतीला दुसरं घर चिकटलेलं, आणि भिंत म्हणजे काय, नुसता पुठ्ठा. प्रज्ञाचे पप्पा सांता क्लाराला कंपनीत जायचे, सकाळी अंधारात गाडी काढायचे ते दिवेलागणीनंतर परत. प्रज्ञा दहा महिन्यांची होती. मी दहावी नापास, त्यातून इंग्रजीतच गेलेली, आणि यांनी आल्याआल्या मला बजावून ठेवलं होतं, "हे बघ, बेल वाजली तर उघडायचं नाही, फोन वाजला तर मशीन घेईल, आणि पोरीला फार रडू द्यायचं नाही. इथे शेजारी पोलीस बोलावतात. पोलीस मूल घेऊन जातात." हे चेष्टेनं म्हणाले की खरंच, ते मी कधी विचारलं नाही, मी खरंच धरलं. प्रज्ञानं तोंड वासलं की मी तिच्या तोंडात केळं कोंबायची.

तर हे गेले की मी अंघोळ करून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची आणि वंदना म्हणायची. आईनं शिकवलेली, सगळी पालीतली. आमच्या वस्तीत ती खड्या आवाजातच म्हणतात, मला हळू येतच नाही. आणि खरं सांगते, दिवसभरात माझा स्वतःचा आवाज मला तेवढाच ऐकू यायचा. एका सकाळी मी अशीच म्हणत होते आणि भिंतीतून धप, धप, धप. मी गप्प झाले. धप थांबलं. मी परत सुरू केलं, परत धप, धप. झालं, मी बाथरूममध्ये.

त्यानंतर मी वंदना मनातल्या मनात म्हणायला लागले. दोनचार दिवस गेले असतील, भर दुपारी बेल वाजली. उघडायचं नाही म्हणून मी श्वास धरून उभी. बेल थांबेना. प्रज्ञा उठून रडायला लागली, आणि तिच्या रडण्याची भीती बेलच्या भीतीपेक्षा मोठी, म्हणून मी साखळी लावून फटीतून बघितलं. एक उंच म्हातारा, कमरेत वाकलेला, खाली पायजमा आणि वर कोट आणि टाय, पांढऱ्या भुवया इतक्या दाट की त्यात कंगवा अडकावा. त्यांनी माझ्यावर बोट रोखलं आणि ओरडले, "व्हाय यू स्टॉप?"

मला वाटलं, गाडी चुकीची लावली असेल यांनी. मी म्हटलं, "हसबंड नॉट होम."

"हसबंडला घाल चुलीत. तू गात होतीस ते का बंद केलंस?"

त्यांचं इंग्रजीही माझ्यासारखंच, तुटकं, हातांनी जोडून जोडून बोलायचे, म्हणून मला समजायचं. प्रज्ञाचे पप्पा बोलायचे ते इंग्रजी मला समजत नसे, यांच्या ऑफिसातल्या बायकांचं तर मुळीच नाही, पण या म्हाताऱ्याचं शब्दन् शब्द. त्यांनी हातानं भिंतीवर मारून दाखवलं. गुद्दे म्हणजे रागावणं नव्हतं, ते ताल धरत होते. ते म्हणाले, तुझ्या गाण्यातला एकेक शब्द शेवटी तोंड उघडं ठेवतो, माझ्या भाषेसारखा. हे इंग्रजी शब्द शेवटी तोंडावर दार आपटतात.

मला इतकं हायसं वाटलं की मी दोन्ही हात जोडून म्हणाले, "सॉरी काका, सॉरी."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "काय म्हणालीस मला?"

"काका."

"परत म्हण."

"काका," मी म्हटलं, आणि घाईघाईनं, "रिस्पेक्ट! रिस्पेक्ट! ओल्ड मॅन, काका!"

ते पायरीवर बसलेच. आधी मला वाटलं त्यांना झटका आला, आता ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल आणि मला नंबर लावता येत नाही. पण ते हसत होते, खोकत होते, डोळे पुसत होते. मग त्यांनी प्रज्ञाच्या लंगोटाकडे बोट दाखवून मला समजावलं. त्यांच्या इटालियनमध्ये काका म्हणजे लहान मूल लंगोटात जे करतं ते.

मी तिथल्या तिथे मरायची बाकी होते. सगळ्या अमेरिकेत एक माणूस माझ्याशी बोलायला आला आणि मी त्याला ते म्हटलं! मी म्हटलं, आजोबा म्हणते, मिस्टर म्हणते. त्यांनी हात उडवला. "नो, नो. इथे साठ वर्षं झाली मला. सर म्हणतात, मिस्टर म्हणतात, आता सीनियर सिटिझन म्हणतात. म्हातारा माणूस काय असतो ते बरोब्बर तूच ओळखलंस. काकाच म्हण."

म्हणून ते काका. प्रज्ञाचा पहिला नीट शब्द तोच होता, मम्मी नाही, पप्पा नाही, भिंतीकडे बघून "काका!" आणि पलीकडून खोकल्यासारखं हसू.

ते कवी होते. हे मला फार उशिरा कळलं, कारण ते सांगताना तोंड असं करायचे जसं माणूस जुना आजार सांगतो. तरुणपणी त्यांच्या गावात त्यांचं एक पुस्तक निघालं होतं, बारीकसं. ते म्हणाले, "एक दिवस मासे आणायला गेलो. मासेवाल्यानं मासा बांधून दिला तो माझ्या कवितेत. मी घरी आलो, वाचली, बरी होती. मासा वाईट होता." त्यानंतर लग्न, मग बोट, मग इकडे. इकडे येऊन त्यांनी फळबागांमध्ये झाडं छाटली आणि मग फळं डब्यात भरायच्या कारखान्यात उभं राहून आयुष्य काढलं. कागदावर परत काही लिहिलं नाही. कविता करायचे त्या डोक्यातच ठेवायचे, आणि त्यांच्या बायकोला, इनेसला, सैपाकघरात म्हणून दाखवायचे. इनेस वारली होती, मी यायच्या आधीच. तिचा फोटो फ्रिजवर होता, फळीवर नाही, भिंतीवर नाही, फ्रिजवर लोहचुंबकानं लावलेला. का, तर दिवसातून सगळ्यात जास्त वेळा माणूस फ्रिजसमोरच उभा राहतो.

गोड म्हातारे असतात ना, तसे ते मुळीच नव्हते. कडू होते. कोणी "यू लुक गुड" म्हटलं की म्हणायचे, "तुझे डोळे तपासून घे." दुपारचं जेवण घेऊन एक मुलगा यायचा, कुठल्याशा मदतीच्या संस्थेतून, आणि हसत हसत विचारायचा, "हाउ आर वी टुडे?" काका म्हणायचे, "वी? तू पण मरतोयस का?" तो मुलगा पुढे दाराशी डबा ठेवून पळायला लागला. कचऱ्याचा डबा बाहेर न्यायलाही ते टाय घालायचे. मी विचारलं तर म्हणाले, "म्हातारपण चोरासारखं असतं, घर अस्ताव्यस्त दिसलं की आणखी आत शिरतं." मागच्या अंगणात एका लाकडी पिंपात त्यांचं अंजिराचं झाड होतं, त्याला ते रोज शिव्या द्यायचे. मी म्हटलं, झाडाला कशाला? तर म्हणाले, "त्याला दर वर्षी नवी पानं येतात. मला चीड येते."

एकदा रविवारी हे अंगणात होते आणि काकांनी कुंपणावरून विचारलं, कुठे बसतोस कामाला? यांनी सांता क्लारातला रस्ता सांगितला. काका म्हणाले, "तिथे जर्दाळूची झाडं होती. मी छाटलीत. तुझ्या खुर्चीखाली मुळं असतील अजून." हे हसले, इंग्रजीत काहीतरी चांगलंसं बोलले, आणि घरात आल्यावर मला म्हणाले, "म्हातारा सटकलाय. जास्त नादी लागू नको. आणि तू पोरीशी इंग्लिशमध्ये बोल जरा, मोडकं तर मोडकं. शाळेत तिला मागे टाकतील."

मी काकांना ते सांगितलं. का सांगितलं मला कळत नाही, सगळंच सांगायची मी त्यांना. त्यांचा चेहरा काळा झाला. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या मुलाचं सांगितलं. मुलाचं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब. मुद्दाम अमेरिकन ठेवलेलं. मोठ्या लढाईच्या वेळी इटली इथल्यांची शत्रू होती, पोलिसांनी इटालियन लोकांच्या घरातले रेडिओ नेले, ओळखीच्या एकाला चौकशीला नेला तो कित्येक दिवस आला नाही. बॉब लहान होता. पावाच्या दुकानात सगळ्यांसमोर त्यानं मोठ्यानं इटालियनमध्ये बापाला काहीतरी विचारलं, आणि काकांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्या दिवसापासून घरात इटालियन बंद. "मी घाबरलो होतो," काका म्हणाले. "घाबरलेला बाप पोलिसापेक्षा वाईट. मुलगा हुशार निघाला. एकाच थपडेत सगळी भाषा विसरला."

आणि आता त्यांच्या डोक्यात एक कविता होती. इनेस गेल्यावर केलेली, म्हातारपणाची आणि तिच्या नसण्याची, लांबच्या लांब. ती बॉबनं ऐकावी एवढीच त्यांना आस होती. इंग्रजीत सांगायची नव्हती, इंग्रजीत ती मरते म्हणायचे, तशीच्या तशी ऐकायला हवी होती. आणि त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. कविता विसरायला लागली होती.

मला कळलं ते असं. सकाळी त्यांनी भिंतीवर ताल धरला नाही म्हणून मी घाबरत घाबरत त्यांच्याकडे गेले, प्रज्ञा कडेवर. ते फ्रिजसमोर उभे होते, फ्रिजचं दार उघडं, तोंडानं एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि पुढची येत नव्हती. मी म्हटलं, लिहून ठेवा. त्यांनी हात पुढे केला, तो असा थरथरत होता की पेन धरलं तर भूकंपाची रेघ उमटावी. आणि वर म्हणाले, कागद मासे बांधायला. मी म्हटलं, टेप करा, आमच्याकडे रेकॉर्डर आहे. आणून दिला. ते बोलले, मी परत वाजवून दाखवलं, त्यांनी ऐकलं आणि कॅसेट काढून कचऱ्यात टाकली. "हा कोण म्हातारा? इनेस याला ओळखत नाही."

मग मी बोलून गेले, "मला सांगा. मी पाठ करते."

"तुला अर्थ कळणार नाही."

"वंदनेचा तरी कुठे कळतो?" मी म्हटलं. खरंच होतं ते. पालीतले शब्द मी तीन-चार वर्षांची असल्यापासून म्हणतेय, एकाही शब्दाचा अर्थ मला नीट सांगता येणार नाही, पण एक मात्रा चुकली तर आई पाठीत धपाटा घालायची. अर्थाशिवाय पाठ करणं हीच माझी शाळा. तिथे मी कधी नापास झाले नाही.

त्यांनी खुर्ची ओढून दिली.

पुढे कितीतरी सकाळी तेच चाललं. ते एक ओळ म्हणायचे, मी मागून म्हणायची, ते टेबलावर बोटानं ताल धरायचे. चुकलं की बोट वर. बोट वर गेलं की मी थांबायची, ते शब्द दुरुस्त करायचे, मग पुढे. पहिली ओळ अशी होती, "ला कासा सी स्पोल्या कोमे उन फीको, ए नोन आ फ्रेद्दो. इयो सी." एवढ्याचाच अर्थ त्यांनी मला सांगितला. घर अंजिराच्या झाडासारखं एकेक कपडा उतरवत जातं आणि त्याला थंडी वाजत नाही. मला वाजते. फीको म्हणजे अंजीर. मला आधी फिका वाटलं होतं आणि मला वाटलं, बरोबर आहे, बायको गेली की घर फिकं पडतंच. पुढचं विचारलं तर म्हणायचे, "तिथे इनेसचं आहे." बस्स.

पहिल्यांदा मी सगळी न चुकता म्हटली तेव्हा सवयीनं शेवटी हात जोडून "साधु, साधु, साधु" म्हणून टाकलं, वंदनेनंतर म्हणतात तसं. जीभ चावली. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, चांगलं, चांगलं, चांगलं. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत कोणी एकदा म्हणालं नाही. तू तीनदा म्हणतेस आणि तुला एक अक्षर कळलेलं नाही. असाच वाचक पाहिजे."

पण मग उलटं व्हायला लागलं. सकाळी भिंतीवर धप व्हायचं आणि पलीकडून आवाज, "सिन्योरा! फ्रेद्दोनंतर?" सिन्योरा म्हणजे त्यांच्या भाषेत बाईसाहेब, म्हणजे मी. मी भांडी घासता घासता ओरडून सांगायची, "इयो सी!" मग थोड्या वेळानं परत धप. आधी मला गंमत वाटायची. एक दिवस त्यांनी एकच ओळ तीनदा विचारली आणि तिसऱ्यांदा मी सांगितल्यावर म्हणाले, "छान आहे. कोणाची आहे?" मी नळ बंद केला. साबणाचे हात तसेच घेऊन उभी राहिले. मी म्हटलं, "तुमची."

मग ते गॅस चालू ठेवून बाहेर जायला लागले. टाय दोन दोन घालायचे. बॉब रविवारी यायचा, साठीचा माणूस, पांढरे केस, चकचकीत गाडी, आणि त्या घरातून मोठमोठ्यानं आवाज यायचे, दोघंही इंग्रजीत ओरडायचे, आणि म्हाताऱ्याचं इंग्रजी मध्येच संपायचं, मग तो आपल्या भाषेत ओरडायचा आणि मुलगा म्हणायचा, "इंग्लिश, पॉप! इंग्लिश!"

एका सोमवारी काकांनी मला सांगितलं, "बॉब मला नर्सिंग होममध्ये ठेवतोय."

मला इतकं बरं वाटलं! मी म्हटलं, "व्हेरी गुड, काका! नर्सिंग होम गुड! मी पण होते. माझी बहीण पण. पाच दिवसांत घरी." कारण आमच्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं. अमक्या डॉक्टरीणबाईंचं नर्सिंग होम, तिथे बाई एकटी जाते आणि दोघं होऊन येते, घरून शिऱ्याचा डबा जातो. मी त्यांना सगळं सांगितलं, प्रज्ञा तिथेच झाली, तिथल्या आया किती चांगल्या होत्या. मी बोलतच सुटले.

ते ऐकत राहिले. मग फार हळू म्हणाले, "सिन्योरा, इथल्या नर्सिंग होममध्ये कोणी जन्माला येत नाही."

मला तरी कळेना. मग यांनी रात्री नीट समजावलं आणि मी प्रज्ञाच्या पाळण्याजवळ जमिनीवर बसून रडले, तर हे म्हणाले, "अगं, तो आपला कोण?"

नर्सिंग होमला निघाले त्या दिवशी त्यांनी टाय एकच घातला होता, नीट. बॉबच्या हातात बॅग. अंजिराच्या झाडाकडे बघून त्यांनी काहीतरी शिवी दिली. मला म्हणाले, "तुझ्याकडे सगळी आहे ना?" मी म्हटलं, आहे. "म्हण." मी तिथे फुटपाथवर, प्रज्ञा कडेवर, म्हणायला लागले, आणि बॉब म्हणाला, "पॉप, वी आर लेट," आणि त्यांना गाडीत बसवलं. पट्टा लावून दिला, लहान मुलाला लावतात तसा. घर विकायला निघालं. पिंपासकट अंजिराचं झाड कोणीतरी रस्त्याच्या कडेला ठेवलं, वर "फ्री" लिहून. दोन दिवसांत गेलं.

वर्ष होत आलं असेल. मला तिथे जाता येत नव्हतं, गाडी येत नाही, यांना वेळ नाही, बस कुठे बदलायची ते कोणाला विचारता येत नाही. सकाळी वंदना झाली की मागोमाग काकांची कविता म्हणायची, इतकंच. पलीकडे नवे लोक आले होते. त्यांनीही एकदा भिंतीवर मारलं, पण ते ताल धरत नव्हते.

आणि एक दिवस बॉब माझ्या दारात. मी आता साखळी न लावता उघडायला शिकले होते. तो म्हणाला, "माझ्या वडलांचं इंग्लिश गेलं. सगळं गेलं. काहीतरी बोलत असतात, तिथे कोणाला कळत नाही. तू त्यांच्याकडून इटालियन शिकलीस ना?"

मी म्हटलं, "नो इटालियन. ओन्ली पाठ. बाय हार्ट."

"म्हणजे पूर्ण कविता येते आणि अर्थ माहीत नाही?"

"अर्थ नाही."

तो हसला, पण वाईट हसला. मग म्हणाला, येशील का? मी यांना न विचारता हो म्हटलं, चपला घातल्या, प्रज्ञाला उचललं आणि परक्या पुरुषाच्या गाडीत बसले. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, "काका वाँट यू लिसन पोएम. लाँग टाइम वाँट."

बॉबनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला माहितेय," तो म्हणाला. "ज्या भाषेसाठी मला सगळ्या दुकानासमोर मारलं, ती मला आता समजली पाहिजे होय? मी सहा वर्षांचा होतो. मी पाव मागत होतो."

मला दोघंही खरे वाटत होते.

तिथे लांबच लांब बोळ, मूत आणि फिनेलचा वास, खुर्च्यांवर ओळीनं म्हातारी माणसं, टीव्ही चालू. काका चाकाच्या खुर्चीत खिडकीशी होते. अर्धे झाले होते. अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी गुलाबी स्वेटर, कॉलरला दुसऱ्याचं नाव शिवलेलं. टाय नव्हता. प्रज्ञा तोपर्यंत अडीच वर्षांची झाली होती, माझ्याशीही इंग्रजीतच बोलायची, बालवाडीत गेल्यापासून मराठीत विचारलं की "व्हॉट?" म्हणायची. तिला ते आठवत असतील असं मला वाटलं नव्हतं. पण तिनं बघितलं आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडली, "काका!"

बॉब दचकला. तिच्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि एकदम हसायला लागला, तोंडावर हात ठेवून, खांदे हलायला लागले, आणि मग ते हसू राहिलं नाही. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर मला म्हणाला, इटालियनमधला मला येतो तो हा एकच शब्द.

काकांनी मला ओळखलं की नाही सांगता येत नाही. माझा हात धरून ते भरभर बोलायला लागले, त्यांच्या भाषेत, प्रश्न विचारल्यासारखे, आणि उत्तराची वाट बघायचे. त्यांचे हात गार होते. आमच्या दोघांचं ते मोडकं इंग्रजी, आमची तेवढीच वाट होती, तीही बुजली. मग मी खाली त्यांच्या खुर्चीशी बसले, प्रज्ञाला मांडीवर घेतलं आणि म्हणायला लागले. "ला कासा सी स्पोल्या..."

ते गप्प झाले. बोट खुर्चीच्या हातावर पडायला लागलं. टप. टप. ताल तोच. बॉब वळून बघत होता. मी पुढे गेले, झाडाचं झालं, थंडीचं झालं, मग मधला भाग, जिथे इनेसचं आहे. तिथे बोट वर गेलं.

मी थांबले. काहीतरी चुकलं होतं. ते दुरुस्त करतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आला नाही. मी ती ओळ परत म्हटली, सावकाश, आणि बरोबर त्याच जागी बोट परत वर. "नो," ते म्हणाले. "नो, नो." एवढं होतं त्यांच्याकडे. चुकलंय हे माहीत होतं, बरोबर काय ते गेलं होतं. कपाळावर शीर उठली. बॉबनं पुढे होऊन विचारलं, "व्हॉट इज इट, पॉप? व्हॉट वर्ड?" आणि त्यांनी बॉबकडे असं बघितलं, जसा काही याच्याकडे तरी तो शब्द असेल. बॉबकडे कुठून असणार?

मी तिसऱ्यांदा म्हटली नाही. त्यांनी हात हलवला, म्हणजे जाऊ दे, पुढे चल. मी चुकीसकट शेवटपर्यंत म्हटली. साधु, साधु, साधु मला म्हणवलं नाही.

निघताना मी बोळाच्या टोकाच्या काचेच्या दारातून मागे बघितलं. कोणीतरी त्यांची खुर्ची टीव्हीकडे वळवली होती. बोट अजून वर होतं.

ते गेल्याचं आम्हाला मशीनवर कळलं, बॉबचा आवाज, सभ्य, थोडक्यात, सगळं दोन दिवसांपूर्वी उरकलं होतं. कविता म्हणायला मला बोलावलं नव्हतं. यांनी बटण दाबून तो निरोप पुसून टाकला, पुढचा ऐकायचा होता म्हणून.

ती कविता आता माझ्याकडेच आहे आणि तिच्यात एक शब्द चुकीचा आहे. कुठल्या ओळीत ते मला माहीत आहे, शब्द कुठला ते माहीत नाही. इटालियन येणाऱ्या कोणाला विचारावं असं मनात येतं, पण तो माणूस मला त्याचा शब्द देईल, काकांचा नाही. म्हणून मी तशीच म्हणते. माझ्याकडून चुकला, की शिकवतानाच त्यांनी मला चुकीचा दिला होता, त्यांचंही तेव्हा विसरणं सुरू झालेलंच होतं, हे विचार करून करून माझं डोकं फिरतं.

परवा प्रज्ञा टबमध्ये बसून प्लास्टिकच्या कपानं पाणी ओतत होती आणि मला ऐकू आलं. ला कासा सी स्पोल्या. मी तिला कधी शिकवली नव्हती, माझ्या वंदनेमागून रोज कानावर पडून पडून बसली असेल. मराठीत पाणी म्हण म्हटलं तर म्हणत नाही, आणि ही अख्खी म्हणत होती, स्वच्छ, काकांच्या तालात, टबच्या कडेवर बोट आपटत. मी दारात उभी राहिले. मधला भाग आला. ती थांबली. ओलं बोट वर केलं, तोंड उघडं ठेवलं, काही बोलली नाही, तशीच थोडा वेळ राहिली. मग बोट खाली आणि पुढची ओळ.

मी म्हटलं, "प्रज्ञा, बेटा, ते बोट कवितेत नाहीये."

"येस इट इज, मम्मी," ती म्हणाली आणि कपात पाणी भरायला लागली. "दॅट्स व्हेअर काका स्टॉप्स."